ट्रेकचे किलोमीटर छापता, मग उंची का नाही छापत?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीत कुठं जायचं त्याची यादी आली होती. त्यात उत्तराखंडातलं तुंगनाथ-चंद्रशिला (महादेवाचं देऊळ आणि त्याच्या वरचं शिखर) पण होतं आणि त्यापुढं लिहिलं होतं, फक्त चार किलोमीटर, सोपा ट्रेक, सगळ्या कुटुंबाला जमेल असा. मी तो पेपर तसाच बाजूला ठेवला पण दुपारपर्यंत कशात लक्ष लागलं नाही, कारण मागच्या मे महिन्यात ह्याच चार किलोमीटरवर माझा धाकटा दीर आमच्या डोळ्यांदेखत दगडी वाटेवर खाली बसला आणि त्याला स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येईना. म्हणून हे पत्र. जरा लांबणार आहे, पण शक्य असेल तर पूर्ण छापा.

आधी आम्ही कोण ते सांगते म्हणजे कळेल. आमचा साताऱ्यातला सकाळचा ग्रुप आहे, रोज साडेपाचला अजिंक्यतारा चढतो, वर मंगळाईला जाऊन खाली येतो आणि मग घरचा डबा वगैरे. पावसाळ्यात सुद्धा सहसा खंड नाही. रविवारी कधी यवतेश्वर, कधी जरंडेश्वरच्या पायऱ्या. दीर तर आमच्यापेक्षा पुढचा, अडतीस वर्षांचा, सातारा हिल मॅरेथॉन दरवर्षी पळतो, यवतेश्वरचा घाट पळत चढणारा माणूस. त्यामुळं चार किलोमीटर म्हणल्यावर आम्ही कुणी दुसरा विचारच केला नाही. सासूबाईंची पंचकेदारातलं, म्हणजे तिकडच्या महादेवाच्या पाच देवळांतलं, एक तरी व्हावं अशी फार इच्छा होती, केदारनाथची चाल त्यांना झेपणार नाही म्हणून तुंगनाथ ठरलं, पांडवांच्या गोष्टीतल्या महादेवाचे बाहू जिथं प्रकटले म्हणतात ते हे ठिकाण. त्यांच्यासाठी खेचर करायचं आणि आपण चालायचं, असं ठरवून आम्ही चौदा जण निघालो. ज्यांनी ट्रिप नेली त्यांचं नाव मी लिहिणार नाही, त्यांनीही मुद्दाम काही केलं नाही, त्यांना माहीतच नव्हतं असं मला आज वाटतं, आणि तीच तर खरी अडचण आहे.

प्रोग्रॅम असा होता. गोवा एक्सप्रेसनं दिल्ली, तिथून हरिद्वार, रात्री मुक्काम. दुसऱ्या दिवशी पहाटे टेम्पो ट्रॅव्हलरमधून निघून देवप्रयाग, रुद्रप्रयाग, उखीमठ करत संध्याकाळी चोपत्याला, तिथून चढ सुरू होतो. जेवून झोपायचं आणि पहाटे साडेतीनला उठून अंधारातच चढायला लागायचं म्हणजे सूर्योदय चंद्रशिलेवरून दिसतो, चौखंबा, त्रिशूळ, नंदादेवी अशी सगळी शिखरं एकदम उजळतात. वाचायला किती छान वाटतं बघा. आता ह्याच प्रोग्रॅमकडं उंचीच्या हिशोबानं बघा. हरिद्वार समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटर. चोपता साधारण सत्तावीसशे. तुंगनाथचं मंदिर साडेतीन हजार मीटरच्या आसपास आणि चंद्रशिला त्याच्याही वर, म्हणजे बारा हजार फुटांच्या घरात. हरिद्वारला सकाळी चहा प्यायलेला माणूस चोवीस तासांत तिथं उभा. आणि मधे एकच रात्र, ती पण अर्धवट झोपेची.

चोपत्याला पोचलो तेव्हा सगळे खुशीत होते, गारठा होता, हिरवं गवत उतारावर पसरलेलं, त्याला तिकडं बुग्याळ म्हणतात. जेवायला बसल्यावर दीर म्हणाला भूक नाही, डोकं जड झालंय, गाडीच्या वळणांनी असेल. खरं सांगायचं तर माझंही डोकं ठणकत होतं पण मी बोलले नाही, चौदा जणांत आपल्यामुळं खोळंबा नको म्हणून. नंतर चौकशी केली तर आमच्यातल्या सात जणांचं दुखत होतं आणि सातही जण गप्प होते. दोघींनी तर दिवसभर पाणीच पिलं नव्हतं कारण वाटेत बाथरूमची सोय धड मिळत नाही, हे बायकांचं सगळ्या प्रवासात असतंच, पण त्यानं पण डोकं दुखतं आणि मग कशानं काय होतंय हेच कळत नाही. ट्रिपवाल्यांनी ऑक्सिमीटर काढला, कोरोनात घेतलेला असतो तसलाच, सगळ्यांच्या बोटाला लावला आणि अठ्ठ्याऐंशी आहे नव्वद आहे, वर एवढं असतंच, काळजी करू नका म्हणाले. वर आकडा थोडा कमी येतो हे खरंच आहे. पण आकडा बरा दिसला म्हणून डोकेदुखी आणि मळमळ खोटी ठरत नाही, तब्येत काय सांगतेय ते आधी बघायचं असतं, हे आम्हाला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. त्या रात्री दिराला एक डोकेदुखीची गोळी दिली आणि सगळे झोपले.

पहाटे तो सगळ्यांच्या पुढं. सवयच तशी, चढ दिसला की पाय आपोआप उचलतात. वाट चांगली आहे, फरसबंदी केलेली, कुठं पडायची भीती नाही, म्हणून तर सोपी म्हणतात. देवळापाशी पोचलो तेव्हा त्याला उलटी झाली. थंडीनं झाली असेल म्हणाला. ट्रिपवाल्यांनी कापूर हुंगायला दिला, लिंबू-मीठ दिलं, थोडं बसा म्हणाले आणि मग म्हणाले आता वर फक्त एक-सव्वा किलोमीटर राहिलंय, इतक्या लांब येऊन कशाला सोडताय. तो उठला. चंद्रशिलेच्या वाटेला लागून पाच-सात मिनिटं झाली असतील, मी मागून बघतेय तर पाय वेडेवाकडे पडतायत, दारू प्यायलेल्या माणसासारखे. हाक मारली तर उत्तर द्यायला वेळ लागला. खाली बसला, नाडी सुटली होती ती धरली हातात आणि नुसता बघत बसला तिच्याकडं. रोज यवतेश्वर पळणारा माणूस. माझ्या पोटात जो गोळा आला तो मी सांगू शकत नाही.

त्याला वाचवलं ते देवळाजवळ चहा-मॅगी विकणाऱ्या एका गढवाली माणसानं. त्यानं लांबून बघितलं आणि पळत आला, एकच वाक्य बोलला, "इनको हाइट लग गई है, बिठाओ मत, नीचे ले जाओ, अभी." सूर्योदय, दर्शन सगळं सोडून दोघांनी दोन्हीकडून धरून त्याला खाली आणला, पुढं खेचरावर बसवला, चोपत्याला न थांबता तसंच गाडीत घालून उखीमठकडं उतरलो. उखीमठ साधारण तेराशे मीटरवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरएवढंच. जसजसे खाली येत गेलो तसतसा तो माणसात येत गेला, दुपारी भात मागितला, संध्याकाळी मोबाईलवर क्रिकेटचा स्कोअर बघत होता. औषध काही नाही. फक्त खाली उतरणं. उखीमठला लगेच डॉक्टरला पण दाखवलं, त्यांनी तपासून बरोबर केलंत एवढंच म्हणलं.

ह्या "हाइट लग गई" शब्दावर मी खूप विचार केला. आपल्याकडं ऊन लागतं, गाडी लागते, थंडी बाधते, पाणी बाधतं. उंची लागते असं कुणी म्हणत नाही. कारण आपल्याकडं ती लागायला उंचीच नाही! हा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो आणि अख्ख्या महाराष्ट्रात सगळ्यात उंच कळसूबाई ते १६४६ मीटर. महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. आमचा अजिंक्यतारा समुद्रसपाटीपासून हजार मीटर, शहरापासून धरलं तर तीनशेच. म्हणजे आपण जन्मभर सह्याद्री पालथा घातला तरी ह्या गोष्टीशी गाठच पडत नाही. त्यात आपण वारीच्या मुलखातली माणसं, माउलींची पालखी आपल्याच लोणंद-फलटणवरून जाते, आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर चालणारी बाया-माणसं घराघरात आहेत, त्यामुळं चालणं म्हणलं की आपण अंतर विचारतो. किती लांब आहे? चार किलोमीटर? मग काय, हे काय चालणं झालं. वर जाताना हा प्रश्नच चुकीचा आहे. किती उंच आणि आदल्या रात्री कुठं झोपलो, हे विचारायला पाहिजे.

परत आल्यावर आमच्या डॉक्टरांनी अर्धा तास बसवून समजावलं, ते मला समजलं तसं लिहिते. वर ऑक्सिजन कमी असतो म्हणतात पण हवेतलं त्याचं प्रमाण सगळीकडं सारखंच, शंभरात एकवीस. कमी होतो तो हवेचा दाब, त्यामुळं एका श्वासात जी हवा आत जाते तीच विरळ असते. तुंगनाथच्या उंचीला दाब समुद्रकाठच्या साधारण दोन तृतीयांशच राहतो, म्हणजे तीन श्वासांतला एक वाया गेला असं समजा. शरीर हे जमवून घेतं, श्वास वाढवतं, पुढं रक्तात पण बदल करतं, पण त्याला दिवस लागतात. आणि हे जमवून घेणं कुणाला लवकर होतं, कुणाला उशिरा, त्याचा तुमच्या फिटनेसशी संबंध नाही. जिमवाला असो, पळणारा असो, शरीराचं घड्याळ वेगळंच चालतं. उलट दणकट माणूस जास्त अडकतो कारण त्याचे पाय त्याला फुफ्फुसाच्या आधी वर नेतात. आमच्या सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या, खेचरावर बसून हळूहळू आल्या, त्यांना काही सुद्धा झालं नाही.

त्रास सहसा वर पोचल्यावर लगेच होत नाही, काही तासांनी सुरू होतो, म्हणजे नेमका रात्री. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे, चक्कर, गळून गेल्यासारखं होणं, झोप न लागणं. एवढंच असेल तर त्या उंचीवर थांबायचं, वर जायचं नाही, एक-दोन दिवसांत बहुतेकांचं आपोआप उतरतं. पण अंगात हे असताना वर गेलं तर पुढं मेंदूला सूज येऊ शकते नाहीतर फुफ्फुसात पाणी होऊ शकतं आणि ह्या दोन्हीत माणूस दगावतो. तोल जाणं, बोलण्यात गडबड, वागणं बदलणं ही मेंदूची लक्षणं. नुसतं बसलेलं असताना सुद्धा धाप लागणं, खोकला, फेसाळ थुंकी ही फुफ्फुसाची. एक साधी टेस्ट सांगितली, एका पायाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत सरळ रेषेत चालायला सांगायचं, नाही जमलं तर चर्चा करत बसायचं नाही, रात्र असो पाऊस असो, खाली न्यायचं, आणि त्याला एकट्याला पाठवायचं नाही. एक गोळी पण असते आधीपासून घ्यायची, डायमॉक्स नावाची, पण ती डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तर नक्कीच विचारून, आणि ती घेतली म्हणून पळत वर जायचं लायसन मिळत नाही. कापूर हुंगून वास येतो, ऑक्सिजन वाढत नाही. दारू आणि झोपेच्या गोळ्या तिथं अजिबात नकोत, त्यानं झोपेत श्वास अजून मंदावतो.

आणि गंमत नाही, दुःख वाटतं ते हे की साताऱ्याला हे माहीत नसायचं काही कारणच नव्हतं. हा सैनिकांचा जिल्हा आहे, अपशिंगे गावाला तर अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात. आमच्या गल्लीत एक रिटायर्ड सुभेदार काका आहेत, लडाखला राहून आलेले. त्यांना सगळं सांगितलं तर कपाळाला हात लावला त्यांनी. म्हणाले, आम्हाला नऊ ते बारा हजार फुटांच्या टप्प्यात सहा दिवस थांबवतात, त्यातले पहिले दोन दिवस नुसता आराम, मग थोडं थोडं चालणं, मग चढ. त्यावर गेलं की परत चार दिवस, अजून वर गेलं की परत चार. विशीतली पोरं असतात ही, रोज पीटी करणारी, तरी त्यांना सुटका नाही. आणि तुम्ही सहा दिवसांचं काम एका रात्रीत करायला गेलात. माझ्याकडं उत्तर नव्हतं. हे काका आमच्या दारासमोरून रोज जातात आणि निघायच्या आधी आम्हाला त्यांना विचारावं असं एकदा सुद्धा सुचलं नाही.

आपल्याच साताऱ्याच्या प्रियांका मोहितेनं २०१३ साली एव्हरेस्ट केलं, २०२१ ला अन्नपूर्णा, २०२२ ला कांचनजुंगा. तिचे फोटो आपण चौकात लावले, मिरवणूक बघायला गेलो, पण अशा मोहिमांना दीड-दोन महिने का लागतात हे कधी विचारलं का आपण? त्यात चढाईचे दिवस थोडेच असतात, बाकी सगळं वर जाऊन परत खाली येऊन झोपणं, शरीराला सवय लावणं. दिवसा वर जायचं, रात्री खाली झोपायचं. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथंच थांबावं, असं डॉक्टर सांगतात.

आता कुणी म्हणेल हजारो लोक दरवर्षी जातात, सगळ्यांना थोडंच होतं. बरोबर आहे, होत नाही, आणि आमच्यातल्याही बाकी तेरा जणांना डोकेदुखीपलीकडं काही झालं नाही. पण अमरनाथला जायचं तर डॉक्टरचं सर्टिफिकेट सक्तीचं आहे, तेरा वर्षांच्या आतल्यांना आणि सत्तरच्या वरच्यांना परवानगीच देत नाहीत. अमरनाथ उंच आहे, पण तुंगनाथपेक्षा काही फार नाही, दोन-चारशे मीटरचा फरक असेल. तिथं एवढी काळजी आणि इकडं सकाळी पोराला, म्हाताऱ्याला, बीपीवाल्याला कुणी एक प्रश्न विचारत नाही, का तर वाट चार किलोमीटरची आहे म्हणून. हेमकुंडचं पण तसंच, घांगरियातून सहा किलोमीटर म्हणतात आणि लोक स्वेटर घालून निघतात. लेहला तर दिल्लीवरून विमानानं दीड तासात साडेतीन हजार मीटरवर उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याहून उंच खारदुंगला खिंडीत, हा प्रोग्रॅम मी स्वतः साताऱ्यातल्या एका बोर्डवर वाचलाय.

हे टाळायला फार पैसे पण लागत नाहीत हो. दोन दिवस लागतात फक्त. हरिद्वारवरून निघाल्यावर पहिली रात्र उखीमठला काढा. दुसऱ्या दिवशी सारी गावातून देवरियाताल करा, ते चोवीसशे मीटरच्या आसपास आहे, चौखंबाचं प्रतिबिंब पाण्यात दिसतं, आणि खाली सारीत येऊन झोपा. तिसरी रात्र चोपत्याला, तिथं पोचल्यावर संध्याकाळी जरा फिरून या, लवकर जेवा. चौथ्या दिवशी उजाडल्यावर चढा, सूर्योदयाचा हट्ट नको, आणि दुपारपर्यंत खाली या. रजा मिळत नाही म्हणतात लोक, मला मान्य आहे, मी पण नोकरी करते. मग रजा मिळेल तेव्हा जा. महादेव पळून जात नाही, हिवाळ्यात तुंगनाथाचे देव सुद्धा थंडी सोसत वर बसत नाहीत, खाली मक्कूमठला येतात.

आता तुमच्याकडं मागणं एवढंच आहे. पुरवणीत कुठल्याही हिमालयातल्या ट्रेकबद्दल लिहाल तेव्हा किलोमीटरच्या शेजारी तीन गोष्टी छापा, सगळ्यात उंच जागा किती मीटर, रात्री मुक्काम किती मीटरवर, आणि त्याच्या आदल्या रात्रीचा मुक्काम किती मीटरवर. एका ओळीत बसतं. ट्रिपच्या जाहिराती घेता त्यांना पण हीच अट घाला, आणि "कुणालाही जमेल" हे शब्द काढायला सांगा. साताऱ्यात, कराडला, सांगलीत आता गल्लीगल्लीत ट्रेकचे ग्रुप झालेत, पोरं उत्साही आहेत, चांगली आहेत, त्यांनी निघायच्या आधी एक संध्याकाळ एखाद्या डॉक्टरला आणि एखाद्या रिटायर्ड फौजीला बोलवून सगळ्यांसमोर बोलायला लावावं. आमच्या सुभेदार काकांनी हो म्हणलंय, कुणीही बोलवा, ते येतील. आणि ग्रुपमधे रात्री जेवताना प्रत्येकाला नाव घेऊन विचारा, डोकं दुखतंय का, कारण आपली माणसं आपणहून सांगत नाहीत. मी पण सांगितलं नव्हतं.

दीर आता ठणठणीत आहे, परत यवतेश्वर पळतोय. त्याला तुंगनाथ अर्धवट राहिल्याची रुखरुख आहे, म्हणून ह्या मे महिन्यात आम्ही सहा जण परत चाललोय, ह्या वेळी ट्रिपबरोबर नाही, आमचे आम्ही, उखीमठ, सारी, चोपता असे मुक्काम धरून. कागदावर प्रत्येक मुक्कामाच्या पुढं त्याची उंची लिहिलीय आणि तो कागद फ्रीजवर लावलाय. त्या चहावाल्यासाठी सासूबाई कंदी पेढे देणार आहेत.

आपली,
एक नियमित वाचक,
शाहूपुरी, सातारा